टॉवर समोरचा, हाडं आपली

माझी नणंद निवृत्त विज्ञानशिक्षिका, वय सहासष्ट. माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट. मोडलेले खुबे आणि मनगटं पुन्हा कामाला लावण्यात तिचा दिवस जातो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर आपली हाडं पोखरतोय, असं एकीचं ठाम मत. हाडांना खरा धोका त्या टॉवरच्या भीतीचा आहे, असं दुसरीचं. आत्या-भाचीच असल्यामुळे वाद मोकळेपणाने झाला, आणि दोघी वाचणाऱ्या असल्यामुळे नुसत्या आवाजावर गेला नाही. मी फारशी मध्ये पडले नाही. पण इथे माझं मत लपवणार नाही, कारण या धास्तीपायी चांगल्या शिकलेल्या बायका स्वतःच्याच हाडांचं नुकसान करून घेताना मी पाहते आहे.

आत्या : हाडांच्या घनतेच्या तपासणीचा, डेक्साचा रिपोर्ट बघितलास ना? मणक्याचा टी-स्कोअर उणे २.८. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, एवढं मला कळतं. टॉवर आला त्याला चार वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी मनगट मोडलं, तेसुद्धा बाथरूममध्ये तोल जाऊन नुसता हात टेकला म्हणून. हा सगळा योगायोग म्हणायचा?

भाची : आत्या, तुझी पाळी एकोणपन्नासाव्या वर्षी गेली. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत उतरू शकते. तो काळ टॉवरच्या खूप आधीचा. आजीचा खुबा मोडला होता, म्हणजे घराण्यातही आहे. हाडं आतून हळूहळू विरळ होतात, दुखत नाहीत, आणि एक दिवस मनगट मोडतं तेव्हा आपण आजूबाजूला नवीन काय आलं ते शोधायला लागतो.

आत्या : आईच्या खुब्याचं मला सांगू नकोस, तो मीच निस्तरला आहे. मी म्हणते ते वेगळं आहे. हाडाचा आणि विजेचा संबंध आहे की नाही? १९५७ साली जपानमध्ये फुकादा आणि यासुदा यांनी दाखवलं की हाडावर दाब दिला की त्यात विद्युतभार तयार होतो. आठवीच्या वर्गात गॅसच्या लायटरमधली ठिणगी समजावून सांगताना मी हे आवर्जून सांगायचे. ज्या वस्तूतच वीज आहे, तिच्यावर बाहेरून चोवीस तास विद्युतचुंबकीय लहरी आदळत असतील, तर काहीच होत नाही हे मी कशावरून मानायचं?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला, आणि मुलीनेही तो झटकला नाही. फुकादा भौतिकशास्त्रज्ञ होते आणि यासुदा अस्थिशल्यचिकित्सक; कोरड्या हाडावरचा त्यांचा प्रयोग आजही शिकवला जातो. त्याच्याही आधी, १८९२ साली, बर्लिनच्या युलियस वोल्फ या शल्यचिकित्सकाने मांडलं होतं की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलतं. कवटीपासून टाचेपर्यंत आपलं हाड जिवंत आहे. दरवर्षी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा मोडून नव्याने बांधला जातो. एका जातीच्या पेशी जुनं हाड कुरतडतात, दुसऱ्या जातीच्या पेशी नवं रचतात, आणि हाडाच्या आत रुतून बसलेल्या तिसऱ्या जातीच्या पेशी कुठे किती भार पडतो आहे याचा अंदाज घेत हुकूम सोडतात.

भाची : वीज आहेच, मी कुठे नाही म्हणते? फक्त ती येते कुठून ते बघ. तू पाऊल टाकतेस तेव्हा हाड किंचित वाकतं, त्याच्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव सरकतो, क्षार विरघळलेला तो द्रव वाहिल्यामुळे विद्युतदाब तयार होतो. ओल्या, जिवंत हाडात हाच परिणाम मोठा असतो असं पुढच्या संशोधनात दिसलं. पाऊल पडलंच नाही, तर ही वीजही नाही. अंतराळवीरांचं बघ. तिथे भारच नसतो, तर महिन्याला एक ते दीड टक्का हाड कमी होतं. तरणेताठे, निवडून घेतलेले, रोज व्यायाम करणारे लोक!

आत्या : ते मान्य. पण मग बॅसेटचं काय? कोलंबिया विद्यापीठातल्या त्या अस्थितज्ज्ञाने न जुळणाऱ्या हाडाभोवती वेटोळं बांधून विद्युतचुंबकीय स्पंदनं दिली आणि हाड जुळवलं. १९७९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या उपकरणाला मान्यता दिली. म्हणजे क्षेत्राचा हाडाच्या पेशींवर परिणाम होतो, हे सरकारदरबारी नोंदलेलं आहे. जे जोडू शकतं, ते मोडू का शकणार नाही?

भाची : बॅसेटचं वेटोळं सेकंदाला मोजकी स्पंदनं द्यायचं, मोडलेल्या जागेला चिकटून, रोज कित्येक तास, महिनोन् महिने. एवढं करूनही सगळ्यांना गुण येतो असं नाही. २०११ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा उपयोग होतो असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. आणि तुझा टॉवर? ९०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला नव्वद कोटी आंदोलनं. इतक्या वेगाच्या लहरीचा शरीरावरचा पक्का ठाऊक असलेला परिणाम एकच, ऊब. तीही पाणी जास्त असलेल्या भागात जास्त. स्नायू, त्वचा, मेंदू यांच्या मानाने टणक हाडात पाणी कमी, म्हणून ते या लहरी कमी शोषतं. दोन्हींना विद्युतचुंबकीयच म्हणतात, पण एकाचा गुण किंवा दोष दुसऱ्याला लावता येत नाही. सूर्यप्रकाशही विद्युतचुंबकीय लहरच आहे, आत्या. तुझी डेक्सा क्ष-किरणांवर चालते, तीही. त्यात तर अणूंचं आयनीभवन करण्याइतकी ऊर्जा असते, जी मोबाइलच्या लहरीत नसते. पण मात्रा इतकी कमी, की निसर्गातून एक-दोन दिवसांत मिळते तेवढीच. प्रकार कुठला आणि मात्रा किती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

यावर आत्यांनी फाइल काढली. त्यांच्याकडे दोन शोधनिबंधांची टाचणं होती, आणि त्यांचं मला कौतुक वाटतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या लाल अक्षरांवर त्या थांबल्या नव्हत्या. पहिला निबंध तुर्कस्तानातला, २००९ चा. कमरेच्या पट्ट्याला फोन लावून फिरणारे १५० पुरुष घेतले आणि फोनच्या बाजूच्या कटिअस्थीची घनता दुसऱ्या बाजूशी ताडून पाहिली. दुसरा अर्जेंटिनातल्या मेंदोसाचा, २०११ चा. त्यात उजव्या कमरेला फोन बाळगणारे २४ पुरुष आणि फोन न बाळगणारे २४.

आत्या : पहिल्यात फोनच्या बाजूची घनता कमी दिसली. दुसऱ्यात उजव्या-डाव्या खुब्यातला जो नेहमीचा फरक असतो, तो फोनवाल्यांमध्ये कमी दिसला. आता बोल.

भाची : पहिल्यातला फरक किती होता, तेही वाच. इतका बारीक, की संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, आणि हे लेखकांनीच लिहिलंय. दुसरा अभ्यास अठ्ठेचाळीस माणसांचा. फोन ज्या बाजूला, त्या बाजूने माणूस बसतो कसा, वाकतो कसा, वजन कुठल्या पायावर टाकतो, हेही बदलतं. उंदरांवरच्या प्रयोगांतही कोणाचं हाड घटलं, कोणाचं नाही, कोणाचं सुधारलं. एवढ्यावर निकाल देता येत नाही.

आत्या : निकाल देता येत नाही, हे दोन्हीकडून लागू आहे ना? मग सावध राहायला काय हरकत आहे? २०११ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकलं. आपल्या सरकारने २०१२ साली टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. काहीच शंका नसती तर आणली असती?

भाची : सावधगिरीला माझी ना नाहीच. फोन पट्ट्याला किंवा खिशात न ठेवता पर्समध्ये ठेव. लांबलचक बोलणं स्पीकरवर. रात्री उशाखाली नको. लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये, घाटात रेंज गेली असताना बोलणं टाळ, कारण रेंज कमी झाली की फोन जास्त ताकदीने लहरी सोडतो. फोनवर *#०७# दाबलं की एसएआर, म्हणजे शरीर त्या लहरी किती शोषतं तो आकडा, दिसतो. आपल्याकडे मर्यादा किलोला १.६ वॅट. अंतर थोडं वाढलं की मात्रा झपाट्याने उतरते. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत, आणि हाडांचं काही बिघडत नाही. मला धास्ती वाटते ती तू जे केलंयस त्याची.

आत्यांनी जे केलं होतं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दक्षिणेची बाल्कनी त्यांनी वर्षभरापूर्वी बंद केली. तिला चंदेरी अस्तराचे जाड पडदे, त्यांच्या कडा भिंतीला चिकटपट्टीने लावलेल्या. भर दुपारी त्या खोलीत दिवा लावावा लागतो. पूर्वी त्या संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर फेऱ्या मारायच्या, मैत्रिणीही असायच्या. टॉवर तिथून समोरासमोर दिसतो म्हणून ते बंद. भाजी घरपोच. लहरी अंगावर येऊ नयेत म्हणून त्या दिवसाचा बराच वेळ आतल्या खोलीत खुर्चीत बसून काढतात. फोनच्या पाठीला सोनेरी स्टिकर, गादीखाली चुंबकांची महागडी चटई. आणि अस्थितज्ज्ञांनी लिहून दिलेली आठवड्याची गोळी मात्र पाकिटात जशीच्या तशी.

भाची : आत्या, आठवडाभर माझ्याकडे येणाऱ्या पेशंटना मी ज्या चार गोष्टी करू नका म्हणते, त्या चारही या घरात आहेत. ऊन नाही, चाल नाही, भार नाही, औषध नाही. टॉवरने तुझ्या हाडाचं काय केलं याचा पुरावा तुझ्या फाइलीत नाही. पण वर्षभर खुर्चीत बसल्याने काय होतं याचे पुरावे ढिगाने आहेत.

आत्या : ऊन मी घेते. सकाळी सातला काचेच्या खिडकीशी बसते.

भाची : त्या उन्हाने बरं वाटेल, पण ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. ते तयार करणारे अतिनील-ब किरण काचेतून येत नाहीत, आणि सकाळी सातला सूर्य इतका खाली असतो की हवेतच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते ती वेळ हवी. साधारण अकरा ते दोन, हात आणि पोटऱ्या उघड्या, त्वचा भाजेपर्यंत नाही. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात ढग असले की तेही जमत नाही. तेव्हा रक्ताची तपासणी करून डॉक्टर देतील ते घ्यायचं.

'कोवळं ऊन' हा आपल्या घरांमधला किती जुना भरवसा! तेलपाण्यानंतर बाळाला कोवळ्या उन्हात धरायचं, म्हाताऱ्यांनी कोवळ्या उन्हात बसायचं. त्यात माया आहे, ऊब आहे, पण हाडांच्या हिशेबात ते ऊन फारसं जमेला येत नाही, हे मला या वयात कळलं. शिवाय अकरा ते दोन बायका कुठे असतात? स्वयंपाकघरात, ऑफिसात, नाहीतर पंख्याखाली. हे नुसतं आत्यांचं दुखणं नाही.

स्टिकरवर मुलगी जरा तापली. अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने पूर्वीच सांगून ठेवलंय की अशी कवचं लहरी अडवत नाहीत. उलट रेंजमध्ये अडथळा आला तर फोन जास्त जोर लावतो. आणि डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने फाइव्ह-जीपासून संरक्षण म्हणून विकली जाणारी दहा उत्पादनं तपासली, तर त्यांतून खरोखरीचा किरणोत्सार बाहेर पडत होता. गळ्यातली पदकं, हातातली कडी, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी. लहरींच्या भीतीने माणसांनी आयनीभवन करणारा किरणोत्सार कातडीला लावून घेतला होता. हे ऐकून आत्या बराच वेळ गप्प होत्या. त्यांनी स्टिकर सोलून काढला. गादीखालच्या चटईवर मात्र त्या अडून बसल्या. पैसे गेलेत, राहू दे म्हणाल्या. स्थिर चुंबकांनी हाड घट्ट होत नाही हे सांगून मुलीने तो विषय सोडला.

आत्या : बरं, पडदे काढते. पण टॉवरचं उत्तर मला मिळालेलं नाही. दूध कमी प्यायलीस, चाललीस कमी, असं सगळं माझ्यावर ढकलायचं आणि समोरच्या लोखंडाला कोणी विचारायचंच नाही, हे मला मान्य नाही. तो उभारताना आमच्यापैकी कुणाला विचारलं? २०१७ साली सुप्रीम कोर्टाने ग्वाल्हेरचा एक टॉवर एका सामान्य माणसाच्या तक्रारीवरून बंद करायला लावलाच ना?

भाची : लावला. आणि विचारायचा हक्क तुला आहेच. पण अंदाजाने भांडू नकोस, मोजून भांड. ९०० मेगाहर्ट्झला आपली मर्यादा चौरस मीटरला ०.४५ वॅट आहे. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर आपल्या भागातल्या टॉवरची नोंद दिसते, आणि शुल्क भरून आपल्या घरात मोजणी करून घेता येते. अँटेनाचा मुख्य झोत आडवा जातो. ज्या इमारतीवर टॉवर आहे तिच्या खालच्या मजल्यांपेक्षा समोरच्या, त्याच उंचीच्या घरात मात्रा जास्त असू शकते. म्हणजे तुझा प्रश्न वाजवी आहे. आकडा मर्यादेच्या वर आला, तर तुझ्या अर्जावर पहिली सही माझी.

इथे मी आत्यांच्या बाजूने आहे, आणि माझ्या मुलीहून थोडी जास्तच. माणसाच्या घरासमोर काही उभं करताना त्याला विचारावं, मोजलेला आकडा त्याला न मागता दाखवावा. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाण्याच्या टाकीच्या सफाईची तारीख लागते, तशी टॉवरची मोजणीही लागली पाहिजे. धास्ती वाढते ती आकडे कपाटात राहतात म्हणून. मुलगी म्हणते की टॉवर हटला तर रेंज जाईल आणि सगळ्यांच्या कानाशी असलेले फोनच जास्त लहरी सोडतील. तेही खरं आहे. पण ते सांगायचं काम टॉवर उभारणाऱ्यांचं होतं, फिजिओथेरपिस्टचं नव्हे.

मग मुलीने आत्यांचा औषधांचा डबा उघडला, आणि मला वाटतं त्या दिवसातलं सर्वांत कामाचं बोलणं तिथे झालं. त्यात पित्ताची कॅप्सूल होती, कित्येक वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी, कुणालाही न विचारता चालू ठेवलेली. या जातीची आम्ल कमी करणारी औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये खुबा, मनगट आणि मणक्याचे अस्थिभंग जास्त दिसतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्येच दिला आहे. 'एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार,' मुलगी म्हणाली. स्टिरॉइड, थायरॉइडच्या गोळीची जास्त झालेली मात्रा, तंबाखू, मिश्री, हे सगळे हाडांचे ओळखीचे वैरी. आमच्या गावाकडे मिश्री लावणाऱ्या बायकांना याबद्दल कोणीच काही सांगत नाही.

आत्या : कॅल्शियम मी घेते. पालक रोज असतो.

भाची : पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेट धरून ठेवतं, अंगी फार कमी लागतं. नाचणी घे, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तीळ तर त्याहून कितीतरी जास्त, फक्त ते संक्रांतीपुरते ठेवू नकोस. दही, ताक, दूध. पाळी गेलेल्या बाईला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आयसीएमआरने, २०२० मध्ये दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगितलंय. आणि आठवड्याची गोळी चालू कर. उठल्या उठल्या, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. चालायला ये. सुरुवातीला खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणं. पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचं योगासन तुला सध्या नको, मणका पिचकू शकतो. बाथरूममध्ये न सरकणारी चटई आणि भिंतीला दांडी. पडली नाहीस तर हाड मोडायची भीती बरीच कमी.

आत्यांनी सगळं लिहून घेतलं, शिक्षिकेच्या त्या सरळ अक्षरात. पण एक मुद्दा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, आणि तो हाडांच्या बाबतीत सगळ्यांत जड आहे.

आत्या : माझं झालं गेलं. पण नातवाचं काय? तीन वर्षांचा असल्यापासून टॅब त्याच्या मांडीवर आहे. त्याची हाडं तर अजून तयार होतायत. अठरा-वीसपर्यंत नव्वद टक्के हाड बनून जातं, हे तूच सांगितलंस. मग ज्या पिढीच्या मांडीवर हे यंत्र लहानपणापासून आहे, तिची हाडं साठीला कशी असतील, हे आज कोण सांगणार?

भाची : कोणीच नाही. ती मुलं साठीची झालीच नाहीत. म्हणून टॅब मांडीवर नको, हे मी तुझ्याइतकंच ठामपणे म्हणते. पण आत्या, तो टॅब घेऊन बसला की उडी मारत नाही. धावताना, उडी मारताना हाडावर जो धक्का बसतो तोच हाड बांधतो, आणि ते बांधायची वर्षं मोजकीच असतात. त्याच्या शाळेत खेळाचा तास गणिताला देतात, याबद्दल तू मुख्याध्यापकांना पत्र लिही. तुझं पत्र ते वाचतील.

आत्या : लिहिते. आणि टॅब टेबलावर. पाचला बंद.

भाची : पाच चालेल.

आत्या : नको, साडेचारला. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो, त्याला मैदानावर पोचायला वेळ लागतो.